१९७० ची शेव्हेल, ३५० इंजिन: हेडर्स कोणते घ्यावेत?

वुडवर्डवाला

मंडळी, नमस्कार. जुन्या अमेरिकन गाड्यांची खाज असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारतो.

गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू. इंजिन ३५० घनइंच, म्हणजे ५.७ लिटर. टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवर स्टीअरिंग आहे, एसी नाही, मागचा अ‍ॅक्सल ३.३१ गुणोत्तराचा. आधीच्या मालकाने इंजिन उघडून थोडा गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) टाकलाय आणि वर एडलब्रॉकचा ६०० सीएफएम (मिनिटाला ६०० घनफूट हवेचा) कार्ब्युरेटर बसवलाय. हेड्स (सिलिंडरवरची व्हॉल्व्हची झाकणं) मूळचेच असावेत.

अडचण अशी की डावीकडचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलाय. थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक ऐकू येते, आणि बीड तापून फुगलं की आवाज गायब. तड्याच्या कडेने काजळीचा पट्टा उमटलाय. मॅनिफोल्ड काढायचाच आहे, तर मग हेडर्सच का घालू नयेत?

पर्याय पाहून डोकं फिरलंय. लाँग ट्यूब की शॉर्टी? नळ्या १ ५/८ इंची की १ ३/४ इंची? रंगवलेलं साधं स्टील, सिरॅमिक कोटिंग की स्टेनलेस? हेडर्ससाठी बजेट सातशे डॉलरच्या आसपास. रेसिंग करायचं नाही. शनिवार-रविवारी चालवायची, आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, न्यायची. राहतो मिशिगनमध्ये.

टेक्सासचा_तात्या

लाँग ट्यूब, पावणेदोन इंच, तीन इंची कलेक्टर. विषय संपला. शॉर्टी घेणारे लोक चहात साखरेऐवजी गोळ्या टाकतात.

नवखी_नीलू

तांत्रिक धाग्यात नाक खुपसतेय, पण हेडर म्हणजे नेमकं काय? मला फुटबॉलमधला माहीत आहे.

चाकणकर

नीलूताई, सोपं आहे. व्ही-८ मध्ये एका बाजूला चार सिलिंडर असतात. त्या चौघांचा धूर बाहेर काढायला कंपनी बिडाचा एक ओतीव तुकडा लावते, तो मॅनिफोल्ड. स्वस्त, दणकट, आवाज कमी, जागा कमी. पण आत चारही वाटा जवळजवळ लगेच एकमेकींत घुसतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची स्वतंत्र नळी असते, आणि त्या चार नळ्या पुढे जाऊन एका कलेक्टरमध्ये मिळतात. शॉर्टीत नळ्या आखूड असतात आणि कलेक्टर इंजिनाच्या बाजूलाच संपतो. लाँग ट्यूबमध्ये त्या साधारण ३० ते ३६ इंच लांब असतात आणि कलेक्टर गिअरबॉक्सच्या शेजारी येतो.

लांबीला अर्थ आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावत सुटते. कलेक्टरपाशी नळी एकदम रुंदावते, तिथून उलटी लाट परत येते, आणि ती कमी दाबाची असते. इनटेक उघडायला लागलाय आणि एक्झॉस्ट अजून पूर्ण मिटलेला नाही, नेमक्या त्या क्षणी ती व्हॉल्व्हपाशी पोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत खेचते. लांब नळीत लाटेला जायला-यायला जास्त वेळ लागतो, म्हणून हा फायदा खालच्या आणि मधल्या आरपीएमला मिळतो. रस्त्यावरची गाडी तिथेच चालते.

मी पोटापाण्यासाठी चाकणला सायलेन्सरच्याच धंद्यात आहे, मात्र आमची इंजिनं तीन-चार सिलिंडरची. व्ही-८ ची हौस इथे वाचून भागवतो.

टेक्सासचा_तात्या

@चाकणकर, म्हणजे मी बरोबर होतो.

चाकणकर

लांबीबाबत बरोबर, तात्या. जाडीबाबत नाही. जरा हिशेब करू. एक इंच पाच सुताची नळी बाहेरून ४१.३ मिलिमीटर. पत्रा १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाड. आतला व्यास राहिला ३८.९. पावणेदोन इंची नळीचा आतला व्यास साधारण ४२. क्षेत्रफळात फरक पडतो जवळजवळ १७ टक्के. तेवढाच धूर मोठ्या नळीतून सोडला तर वेग सुमारे एक सप्तमांशाने घटतो. मूळ हेड्स, हलका कॅम, ६०० चा कार्ब, म्हणजे या इंजिनाकडे ती मोठी नळी भरायला धूरच नाही. वर पाच-साडेपाच हजार आरपीएमला काहीतरी हाती लागेल, पण सिग्नलवरून निघताना जे हवं ते जाईल.

टेक्सासचा_तात्या

माझ्या गाडीला तर दोन इंची आहेत आणि सिग्नलवरून निघताना मागचे टायर धूर काढतात!

अनघा_ओहायो

तात्या, तुमच्या गाडीत ४५४ आहे. बिग ब्लॉक, म्हणजे शेव्हीचं मोठं इंजिन; ३५० हे स्मॉल ब्लॉक. हे तुम्ही दर धाग्यावर सांगता आणि नेमकं याच धाग्यावर विसरलात. :)

टवाळभैरव

तात्या क्लीन बोल्ड. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पोंटियाकचे_नाना

मी वेगळा सूर लावतो. हेडर्स घेऊच नका.

१९७४ साली न्यू जर्सीला विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा तेलसंकट नुकतंच होऊन गेलं होतं. हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली होती आणि या गाड्यांचा विमा तरुण पोरांना झेपत नव्हता. लोक त्या फुंकून टाकत होते. मी जुनी जीटीओ घेतली. १९६४ साली मसल कारचा (मध्यम गाडीत मोठं इंजिन) जमाना सुरू केला तो हिनेच, असं आम्ही पोंटियाकवाले मानतो आणि इतरांनीही मानावं असा आमचा आग्रह असतो. तिला आधीच्या कोणा हौशी माणसाने हेडर्स घातले होते. पॅकिंग फुंकलं जायचं, बोल्ट ढिले व्हायचे, प्लगच्या वायरी जळायच्या, आणि स्पीडब्रेकर आला की कलेक्टर घासून ठिणग्या.

पुढे मी रॅम एअर पद्धतीचे बिडाचे मॅनिफोल्ड लावले. पोंटियाकने त्यातल्या वाटा मुळातच मोकळ्या ठेवल्या होत्या, आता नव्याने ओतलेलेही मिळतात. तेव्हापासून बोल्टला पाना लावलेला नाही. स्मॉल ब्लॉक शेव्हीलाही तसा पर्याय आहे: जुन्या कॉर्व्हेटचे रॅम्स हॉर्न, अडीच इंची तोंडाचे. दिसायला मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले. अजून मिळतात.

वुडवर्डवाला

नाना, रॅम्स हॉर्न डोक्यातच नव्हते. माझ्या गाडीत सरळ बसतील का?

अनघा_ओहायो

बसतील, पण तोंड मधोमध खाली येतं. तुमच्या १९७० च्या मॅनिफोल्डची वाट मागून आहे. म्हणजे खालचे पाइप नव्याने वाकवून घ्यावे लागतील. शिवाय अल्टरनेटरचा एखादा ब्रॅकेट मॅनिफोल्डच्या बोल्टवर टेकलेला असतो, तो आधी बघा. हेडर घातले तरी हीच भानगड.

टवाळभैरव

अवांतर: पुण्यात बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावला की पोलीस तो काढून घेतात आणि वर रोडरोलर फिरवतात. फोटोही छापून येतात. शेव्हेलच्या हेडर्सवर रोलर फिरवायचा म्हटलं तर रोलरच पंक्चर होईल. (ह. घ्या.)

सॅन_होजेकर

विनोद राहू दे, कायद्याचं बघून घ्या. १९७० च्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हताच, तो अमेरिकेत सरसकट आला १९७५ च्या मॉडेलांपासून. त्यामुळे हेडर्स घालताना तो काढण्याचा गुन्हा होत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणीच नाही. १९७६ पासूनच्या गाडीला मात्र हेडरवर इथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, तो नसेल तर तपासणीत नापास.

आवाजाची सूट मात्र जुन्यांनाही नाही. ६००० पौंडांखालच्या गाडीला इथे ९५ डेसिबलची मर्यादा आहे. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही हे तुमचं नशीब.

मोपारवेडा

सगळे नळीच्या मापावर भांडताहेत. माप पुस्तकात मिळतं. हेडर गाडीत *बसतो* का, ते पुस्तकात नसतं.

माझी १९७० ची प्लिमथ डस्टर, ३४० इंजिन. मोपारच्या (म्हणजे क्रायस्लर गटाच्या गाड्यांच्या) पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतात, इंजिनाच्या दोन्ही अंगांनी मागे जाणारे. हेडरच्या नळ्यांना त्या बारला वळसा घालून, स्टीअरिंग बॉक्स चुकवून, स्टार्टरला जागा सोडून खाली उतरायचं असतं. पहिल्यांदा मी नाव न घेण्याजोग्या एका कंपनीचे स्वस्तातले मागवले. एक नळी स्टीअरिंगच्या कपलरला टेकत होती. कंपनी म्हणते, हातोडीने थोडं चेपा. नव्या कोऱ्या नळीला हातोडी! परत पाठवून टीटीआयचे घेतले. दाम दुपटीहून जास्त, पण बसले ते असे की जणू त्या गाडीतच जन्मले होते. मोपारवाल्यांत त्यांचं नाव आहे ते उगाच नाही.

लालू_मस्टँग

मोपारवेडा +१. आम्हा फोर्डवाल्यांचं दुखणं शॉक टॉवर, म्हणजे बॉनेटखाली दोन्ही बाजूंना असलेले सस्पेन्शनचे उंचवटे. १९६७ च्या मस्टँगमध्ये ३९० घातलेलं असेल तर दोन्ही टॉवरच्या मध्ये पाना फिरवायला जागा नाही, हेडरचं नावच सोडा. माझ्यात २८९ आहे म्हणून निभावलं. मी ट्राय-वाय घातलेत. चार नळ्या आधी दोन होतात, मग दोनाची एक. शेल्बीच्या १९६५ च्या जीटी ३५० ला हेच होते. त्या गाडीत २७१ एचपीचं २८९ इंजिन ३०६ वर नेलं होतं. त्यात कार्ब्युरेटर आणि इनटेकचाही वाटा होता हे खरं, पण हेडर्सचाही होताच.

नवखी_नीलू

दोन-दोन नळ्या आधी का जोडायच्या? शेवटी एकत्रच येतात ना?

चाकणकर

झकास प्रश्न. याच्या उत्तरातच व्ही-८ च्या आवाजाचं गुपित आहे.

शेव्हीच्या स्मॉल ब्लॉकचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या बाजूचे. क्रँकच्या दर ९० अंशांना एक सिलिंडर पेटतो. आता फक्त डावी बाजू बघा: १ नंतर २७० अंशांनी ३, मग १८० नंतर ५, मग फक्त ९० नंतर ७, आणि १८० नंतर पुन्हा १. सगळे एकसारख्या अंतराने येत नाहीत. ५ आणि ७ तर एकमेकांच्या पाठीवर धूर सोडतात. डावीकडचा पाइप धडधड-थांब-धडधड करतो, उजवीकडचाही तसाच, वेगळ्या ठेक्यात. जो गडगडाट ऐकून लोक वेडे होतात तो या असमान ठेक्याचा आहे.

ट्राय-वायमध्ये ५ आणि ७ ला आधी एकत्र येऊ देत नाहीत. दूर अंतराने पेटणाऱ्यांच्या जोड्या लावतात, म्हणजे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही. मधल्या आरपीएमला जोर चांगला मिळतो. शेव्हेलसाठी तयार ट्राय-वाय शोधले तर मिळतील, पण निवड कमी.

टवाळभैरव

म्हणजे आपली लेझीम पथकं फायरिंग ऑर्डरवर नाचतात.

पोंटियाकचे_नाना

चाकणकर, छान समजावलंत. आता ते 'इंजिनाला थोडी बॅक प्रेशर (धुराला होणारा अडथळा) लागते' यावरही बोला. कुठल्याही क्रूझला गेलं की कोणीतरी हे वाक्य टाकतोच.

चाकणकर

नाना, इंजिनाला बॅक प्रेशर कधीच लागत नाही. लागतो तो धुराचा वेग. फार मोठी नळी घातली की वेग मरतो, खालचा जोर जातो, आणि लोक म्हणतात, 'बघ, प्रेशर कमी झालं.' निरीक्षण बरोबर, कारण चूक.

टेक्सासचा_तात्या

बरं, सगळं मान्य. पण हेडर्स घातल्यावर ३०० चे साडेतीनशे होतील की नाही?

सॅन_होजेकर

तात्या, कुठले ३००? १९७० च्या माहितीपत्रकात ३५० च्या फोर बॅरलला ३०० एचपी लिहिले आहेत ते ग्रॉस. इंजिन बाकावर ठेवून, अल्टरनेटर नाही, एअर क्लीनर नाही, गाडीचा एक्झॉस्टही नाही, असं मोजलेलं. १९७२ पासून कंपन्या नेट आकडे छापू लागल्या आणि कागदावर सगळ्या गाड्या एका रात्रीत अशक्त झाल्या. थोडक्यात, कंपनीचे ३०० मोजले गेले तेव्हाच एक्झॉस्ट मोकळा होता. हेडर्स घालून त्या आकड्याच्या जवळ जायचं, पुढे नाही.

वुडवर्डवाला

धागा फारच रंगलाय, सगळ्यांचे आभार. आता कळलेलं असं: लांबी हवी, जाडी बेताची. पण नाना म्हणतात तो त्रास नको. बोल्ट ढिले होणं, पॅकिंग जाणं हे अटळ आहे का?

अनघा_ओहायो

अटळ नाही. बहुतेक ठिकाणी घाई आणि स्वस्ताई नडते. माझ्या १९६८ च्या कमॅरोत हेच ३५० आहे आणि सगळं काम मी स्वतः करते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी फ्लँज बघा. हेड्सना चिकटणारी ती पट्टी ३/८ इंच जाड असेल तर तापून वाकत नाही. स्वस्त हेडरमध्ये ती पातळ असते, वेल्डिंगच्या उष्णतेनेच वेडीवाकडी होते, आणि दोष मात्र पॅकिंगच्या माथी. माल घरी आला की सरळ पट्टी लावून उजेडासमोर धरा. फट दिसली तर परत. नळीचा पत्रा १६ गेज मिळाला तर १८ पेक्षा टिकतो, आवाजही पत्र्यासारखा कमी येतो.

पॅकिंग: हेडरसोबत येणारं कागदी फेकून द्या. मल्टिलेअर स्टीलचं घ्या, किंवा पृष्ठभाग थोडा खराब असेल तर रेमफ्लेक्सचं ग्रॅफाइटचं. ते जाड असतं, बारीक खड्डे भरून काढतं. बोल्ट लॉकिंगचे घेतले तर झोप चांगली लागते. काही झालं तरी पहिल्या काही वेळा इंजिन गरम-गार झाल्यावर, गार असताना पुन्हा आवळायचेच.

जुने बोल्ट काढताना घाई नको. पन्नास वर्षांचा गंज आहे. आदल्या रात्रीपासून पेनिट्रेटिंग ऑइल, सकाळी पुन्हा, आणि बोल्ट चरचरला की उलटा फिरवून परत. तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नट ठेवून वेल्डिंग करा, त्या उष्णतेने आटे मोकळे होतात आणि नटासकट बाहेर येतो.

आणि स्टार्टर. शेव्हीचा स्टार्टर उजवीकडे खाली, हेडरच्या अगदी कुशीत. गाडी तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलात की सोलेनॉइड (स्टार्टरचा विजेचा स्विच) इतका तापलेला असतो की चावी फिरवली तरी हूं की चूं नाही. दहा मिनिटांनी चालू. यावर उपाय लहान आकाराचा मिनी स्टार्टर, त्याला हवा खेळायला जागा राहते. काही लाँग ट्यूब असे आहेत की हेडर लावल्यावर स्टार्टर आत जातच नाही. क्रम आधी ठरवा. तिकडे स्टीअरिंग बॉक्सच्या बाजूला इंजिन माउंटचा बोल्ट सोडून इंजिन इंचभर उचलावं लागू शकतं. जॅकखाली लाकडी फळी ठेवा, ऑइल पॅन चेपेल.

मोपारवेडा

वाचनखूण साठवली. अनघाताई, हेडर रॅपबद्दल तुमचं मत? गाड्यांच्या मेळाव्यात सगळीकडे ते पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेले हेडर दिसतात, अपघात वॉर्डातून आल्यासारखे.

अनघा_ओहायो

साध्या स्टीलवर नको म्हणजे नको. बॉनेटखालची उष्णता कमी होते हे खरं, पण पट्टी ओल धरून ठेवते आणि आत नळी कुजत जाते. हिवाळाभर गॅरेजात उभ्या राहणाऱ्या गाडीला तर फारच वाईट. बऱ्याच कंपन्या रॅप केलं की हमी नाकारतात.

वुडवर्डवाला

मग सिरॅमिक की स्टेनलेस?

चाकणकर

आमच्याकडे सायलेन्सरना ४०९ स्टेनलेस वापरतात. त्याला वरून तांबूस गंज चढतो, पण आत शिरत नाही. हेडरमध्ये चकचकीत दिसतं ते ३०४. टिकाऊ, पण तापून साध्या स्टीलपेक्षा दीडपट फुगतं. नळ्या ताणाखाली बसवल्या तर वेल्डपाशी तडकते. शिवाय तापल्यावर रंग सोनेरी-निळा होतो, काहींना तो आवडतो. नुसता रंग दिलेलं स्टील सगळ्यात स्वस्त. पहिल्याच फेरीत रंग जळतो, धूर होतो, शेजारी खिडकी उघडतात. त्यानंतर गंजायला मोकळं. सातशेच्या हिशेबात आत-बाहेर सिरॅमिक केलेलं साधं स्टील हा मधला मार्ग.

लालू_मस्टँग

सिरॅमिकबद्दल एक धोक्याची घंटा. नवा कॅम टाकून ब्रेक-इन करायचं (तो रुळवायचा) असेल तर ते जुन्या मॅनिफोल्डवर करा. ब्रेक-इनला इंजिन वीस-एक मिनिटं वरच्या आरपीएमवर ठेवतात, टायमिंग आणि मिश्रण अजून नीट लावलेलं नसतं, आणि नळ्या लालबुंद होतात. नवं कोटिंग तिथेच संपतं.

वुडवर्डवाला

कॅम आधीच चाललेला आहे, ती चिंता नाही. जेटिंग (कार्ब किती पेट्रोल सोडतो ते) बदलावं लागेल का?

सॅन_होजेकर

बहुतेक लागेल. धूर मोकळा झाला, हवा जास्त आत आली, की मिश्रण पातळ होतं. एडलब्रॉकमध्ये कार्ब न काढता वरून मीटरिंग रॉड बदलता येतात, हे सोयीचं. कलेक्टरला ऑक्सिजन सेन्सरचं बूच वेल्ड करून घ्या आणि वाइडबँड गेज लावा. हवा-पेट्रोलचं प्रमाण पूर्ण थ्रॉटलला साडेबारा ते तेरा, निवांत चालताना चौदाच्या आसपास. पण आधी गळती नाही याची खात्री करा. पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तर गेज खोटं पातळ दाखवतं आणि तुम्ही उगाच पेट्रोल वाढवत बसाल.

पोंटियाकचे_नाना

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. तुमच्या उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर व्हॉल्व्ह असेल. थंडीत तो मिटलेला राहतो आणि गरम धूर इनटेकच्या खालून फिरवतो, म्हणजे कार्ब्युरेटर लवकर तापतो. हेडर घातले की तो गेला. मिशिगनच्या एप्रिलमध्ये गाडी सुरू होऊन गुरगुरत, अडखळत राहील. चोक इलेक्ट्रिक आहे का?

वुडवर्डवाला

आहे, नाना. एडलब्रॉकला इलेक्ट्रिकच आहे.

पोंटियाकचे_नाना

मग काम भागेल. दोन मिनिटं जास्त थांबायचं, एवढंच. आणि हेडर्स येईपर्यंत ती गाडी चालवू नका. तडक्या मॅनिफोल्डचा धूर हीटरच्या हवेतून आत शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बिडाची टिकटिक गंमत म्हणून ऐकत बसू नये.

टेक्सासचा_तात्या

नाना बोलले ते लाखमोलाचं. खिडक्या उघड्या ठेवून फिरतो म्हणणारे बरेच पाहिलेत.

रच्याकने, वुडवर्डला मी यंदा येतोय. ऑगस्टचा तिसरा शनिवार ना?

वुडवर्डवाला

हो, तात्या. फर्नडेलपासून पोंटियाकपर्यंत, १९९५ पासून चालू आहे. गर्दीत गाड्या पायी माणसाच्या वेगाने सरकतात, तेव्हा तुमचं ४५४ तापेल याची तयारी ठेवून या. शुक्रवारी रात्री आमच्याकडे जेवायला या, मिसळ करतो.

टवाळभैरव

मिसळीला तर्री किती, १ ५/८ की पावणेदोन?

वुडवर्डवाला

:D

बरं, ठरवलंय. १ ५/८ इंची लाँग ट्यूब, तीन इंची कलेक्टर, सिरॅमिक, १६ गेज नळी, ३/८ फ्लँज. मिनी स्टार्टर आणि लॉकिंग बोल्ट सोबतच. बजेटच्या थोडं वर जातंय, पण रॅम्स हॉर्न घेऊन पाइप वाकवून घ्यायला इथे सांगितलेला दर ऐकल्यावर फरक फारसा उरत नाही. उद्या ऑर्डर टाकतो.

अनघा_ओहायो

थांबा! हेडचा कास्टिंग क्रमांक पाहिलात का? 'मूळचेच असावेत' यावर हेडर मागवू नका. आधीच्या मालकाने कॅम बदललाय, हेड्सही बदलले असतील. प्लग सरळ आहेत की तिरके, यावर हेडर ठरतो. सरळ प्लगसाठी बनवलेल्या हेडरमध्ये तिरक्या प्लगचं बूट नळीला टेकतं. बाहेरून घेतलेल्या अ‍ॅल्युमिनियम हेडचा एक्झॉस्ट पोर्ट वर सरकवलेला असेल तर सगळा हेडरच वर जातो आणि कलेक्टर जमिनीऐवजी गाडीच्या फ्लोअरला चिकटतो. व्हॉल्व्ह कव्हर उघडा, आकडा तिथे ओतलेला असतो.

वुडवर्डवाला

आत्ता गॅरेजातून येतोय. उजवं कव्हर उघडलं, तेलकट काळ्या राड्यातून फडक्याने पुसल्यावर आकडा दिसला: ३९३२४४१.

अनघा_ओहायो

मग ते १९६९-७० च्या ३५० चेच आहेत, ७६ सीसी चेंबरचे, सरळ प्लग. बिनधास्त मागवा. डावं कव्हरही उघडा मात्र. दोन बाजूंना दोन वेगळे हेड लावलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

लालू_मस्टँग

हेडर्सच्या पुढचं काय? दोन्ही बाजूंचे पाइप जोडायला एच-पाइप की एक्स-पाइप?

टेक्सासचा_तात्या

एक्स. विषय संपला.

चाकणकर

तात्या, नवा धागा काढा.